बंद पाकिटातला कौल

आजच्या या निरोपाच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख सन्माननीय अ‍ॅडव्होकेट लिमयेसाहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले जिल्हा शल्यचिकित्सक महोदय, नगरपरिषदेच्या सन्माननीय सदस्या नम्रताताई पाष्टे, ज्यांच्यासाठी आपण सारे कामधंदे टाकून आलो त्या सत्कारमूर्ती डॉक्टर सुरय्या होडेकर, त्यांच्या शेजारी बसून मघापासून रुमालाने चष्मा पुसणारे त्यांचे वडील, नाटे बंदरात आयुष्यभर बोट हाकणारे जुने तांडेल जैनुद्दीनचाचा, सर्व परिचारिका भगिनी, वॉर्डातल्या मावश्या, आणि समोर बसलेल्या, टाके घातलेल्या व टाके न घातलेल्या माझ्या बंधुभगिनींनो!

हसू नका. या सभागृहात पोटावर बाईंची शिवण नाही अशी माणसं हात वर करा म्हटलं तर हात थोडेच वर येतील. आणि तो पंखा जरा हळू करा हो, माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. निवृत्त झालो तरी मास्तर आहे, मागच्या बाकावर आवाज पोचला नाही की मला बोलल्यासारखं वाटत नाही.

मी भागोजी रेवाळे. जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. गाव पालीच्या पुढे, आत वळल्यावर. माझ्याआधी बोललेल्या वक्त्यांनी बाईंना देवमाणूस म्हटलं, रत्नागिरीचं भूषण म्हटलं. सगळं खरं आहे. पण मी त्यांना हट्टी म्हणणार आहे. अठ्ठ्याण्णव साली मुंबईची नोकरी सोडून त्या इथे आल्या, तेव्हापासून आज दोन हजार नऊ उजाडेपर्यंत इतकी हट्टी बाई मी पाहिली नाही. एक होती तशी, पण तिच्याकडे मी येतो सावकाश.

आधी एक गोष्ट उघड करतो. मला आमच्या पंचक्रोशीने नुसतं भाषण करायला पाठवलेलं नाही. परवा देवळात बैठक झाली आणि सगळ्यांनी मिळून काम माझ्या गळ्यात घातलं. म्हणाले, "गुरुजी, तुमी सभेत बोला. सगळ्यांच्या देखत बोललात की बाईंना शब्द मोडता नाय येणार. दोन वर्सं तरी थांबा म्हनावं." म्हणजे मी निरोप द्यायला नाही, अडवायला आलो आहे. आणि का अडवू नये? बाई गेल्या की आमच्या माणसाचं आतडं अडकलं तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. पावसाळ्यात त्या घाटाची काय दशा असते हे महोदय, आपण नवीन आहात, यंदा बघालच.

हे झालं पंचक्रोशीचं. माझंही एक आहे, तेही सांगून टाकतो. दर महिन्याला मी बाईंच्या ओपीडीत रक्तदाब तपासायला येतो. आता रक्तदाब तपासायला शस्त्रक्रियेच्या डॉक्टरकडे कोण येतं? कमळा सिस्टर पहिल्या दिवसापासून ओळखून आहेत, त्या गालात हसतात आणि मला शेवटचा नंबर देतात. पेशंट संपले की बाई चहा मागवतात. मग आम्ही माझ्या बायकोबद्दल बोलतो. तिला जाऊन आता सहा वर्षं होतील. घरात सून आहे, मुलगा शिमग्या-गणपतीला मुंबईहून येतो, पण त्यांच्यासमोर मी मालनचं नाव काढलं की ते घाईघाईने दुसरा विषय काढतात. त्यांना वाटतं मला त्रास होईल. अहो, नाव न काढण्याचाच त्रास होतो! हे कळणारं एकच माणूस या जिल्ह्यात आहे आणि तेच निघालं आहे.

असो. आता बाईंच्या कामाविषयी. वक्त्यांनी 'संशोधन' हा शब्द वापरला आणि पुढे गेले, म्हणून ते काय होतं हे सांगणं मला भाग आहे.

पोटाच्या ऑपरेशनची जुनी रीत आपल्यापैकी पिकल्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. आदल्या दिवसापासून उपास. पोट धुऊन काढायला बादलीभर खारट औषध. नाकात नळी. ऑपरेशन झालं की उताणं पडून राहायचं आणि, सभ्य भाषेत सांगायचं तर, वायू सरल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात नाही. सगळा वॉर्ड त्या एका वार्तेकडे डोळे लावून बसलेला असायचा. नातेवाईक जिन्यात भेटले की नमस्कार-चमत्कार नाही, "काय, झालं का?" एवढंच. झालं म्हटलं की पेढे वाटायचे तेवढे बाकी.

बाईंनी वाचलं की परदेशात आता उलटं करून बघतायत. ऑपरेशनच्या दोन-तीन तास आधीपर्यंत साखरेचं पाणी द्यायचं. पाठीत बारीक नळी घालून दुखणं मारायचं, नाकात नळी नाही. त्याच संध्याकाळी रोग्याला खुर्चीत बसवायचं, चमचा-चमचा पातळ खायला द्यायचं, दुसऱ्या दिवशी चालवायचं. माणूस लवकर उभं राहतं आणि लवकर घरी जातं, असं ते लोक म्हणत होते. दुसऱ्या कुणा डॉक्टरने दुसऱ्याच दिवशी सुरू केलं असतं. पण 'म्हणतात' या शब्दावर बाईंचा विश्वास नाही. त्यांचं म्हणणं, तिकडची माणसं वेगळी, तिकडचं खाणं वेगळं. आपल्या माणसाला, आपल्या उकड्या तांदळाच्या पेजेवर हे मानवतं का, ते आपणच तपासून बघितलं पाहिजे.

त्याच सुमारास मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाने चार गावं मिळून हाच अभ्यास काढला आणि बाईंनी भांडून रत्नागिरीचं नाव त्यात घालून घेतलं. रीत अशी होती. रोग्याला दोन्ही पद्धती समजावून सांगायच्या. कुठली चांगली हे आम्हाला अजून ठाऊक नाही, हेही सांगायचं. तो राजी असेल तर मुंबईहून आलेल्या ओळीतलं पुढचं बंद पाकीट त्याच्यासमोर फोडायचं. आत 'जुनी' निघेल तर जुनी, 'नवी' निघेल तर नवी. डॉक्टरची मर्जी नाही, रोग्याची नाही, वशिला नाही. न्यायाची गोष्ट आहे, मास्तर म्हणून मला पटली होती.

आणि मंडळी, या अभ्यासात रत्नागिरीने सगळ्यांना मागे टाकलं! मुंबईत तिघांतला एक रोगी म्हणायचा, मला नको तुमचे प्रयोग. आमच्याकडे? एकानेही नकार दिला नाही. लिमयेसाहेब, आपण वार्षिक सभेत हे अभिमानाने सांगितलं होतंत, टाळ्या पडल्या होत्या. मुंबईचे मोठे डॉक्टर बाईंना फोनवर विचारायचे, तुमच्याकडे माणसं इतकी समजूतदार कशी? पुढच्या वर्षी परदेशातल्या परिषदेत बाईंनीच चारही गावांच्या वतीने बोलायचं असं जवळजवळ ठरलं होतं. जैनुद्दीनचाचांनी तर लेकीला विमानतळावर सोडायला जायचं म्हणून नवं जाकीट शिवून घेतलं होतं. चाचा, सांगितलं, रागावू नका.

या सगळ्यात दोन हजार तीनच्या शिमग्याआधी माझी मालन त्या वॉर्डात दाखल झाली.

मोठ्या आतड्यात गाठ होती. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगायला सुरुवात केली, तर मालन आतून ओरडली, "आवो, पोट माजा हाय, मलापन सांगा!" मग बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. गाठ काढता येईल, आतडं जोडता येईल, जेवणखाण सुधारेल. पण रोग यकृतापर्यंत गेलेला आहे. पुढचे दिवस फार नसतील. मी जमिनीकडे बघत राहिलो. मालनने विचारलं, "शिमग्याला मी घरी असन ना?"

महोदय, आपण विदर्भातले, म्हणून सांगतो. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवी पालखीत बसून घरोघर येते. वर्षभर आपण तिच्या देवळात जातो, तेव्हा ती आपल्याकडे येते. कुठल्या दिवशी कुठल्या दारात हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, त्यात बदल नाही. अंगण सारवायचं, रांगोळी घालायची आणि घरच्या बाईने देवीची ओटी भरायची. मालन लग्न होऊन आल्यापासून आमच्या दारात दुसऱ्या कुणी ओटी भरलेली नव्हती. मला स्वतःला या गोष्टीत फारसा रस नसायचा. पालखी दारात आली तरी मी पडवीत बसून वह्या तपासणारा माणूस. पण हा तिचा शेवटचा शिमगा आहे हे आम्हा दोघांना त्या खोलीत कळलं होतं. ऑपरेशन लांबवता येत नव्हतं. जुन्या पद्धतीने ती इथे अंथरुणाला खिळणार आणि पालखी आमच्या दारातून परत जाणार. नव्या पद्धतीने मात्र आशा होती.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी बाईंनी तासभर बसून सगळं समजावलं. मी मास्तर, मी शंभर प्रश्न विचारले. मालनने एकच विचारला, "पाकीट कवा फोडनार?" बाई म्हणाल्या, आत्ताच. तर म्हणते, "थांबा वायच, आंगूळ करून येतंय." न्हाऊन आली, पदर पसरला, कमळा सिस्टरांनी पाकीट त्यात ठेवलं, तिने ते कपाळाला लावलं आणि मग फोडायला दिलं. कुणाला काही नवल वाटलं नाही, कारण त्या वॉर्डात सगळ्याच बायका तसं करत. एका म्हातारीने पाकिटावर जास्वंदीचं फूलसुद्धा ठेवलं होतं म्हणे. ऑपरेशनला घाबरलेलं माणूस देवाचं नाव घेतं, घेऊ दे बिचारं, असं बाईंना वाटायचं.

पाकिटातून 'जुनी' निघाली.

मी तडक बाईंच्या खोलीत गेलो. म्हटलं, पाकीट बदला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, परीक्षेत एखाद्याला पेपर कठीण गेला म्हणून तुम्ही त्याला दुसरा काढून दिला असतात?" मी म्हटलं, हा पेपर नाही, माझी बायको आहे! आवाज चढला माझा, बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. बाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "पाकीट बदलणार नाही. पण काकींना अभ्यासातून बाहेर पडता येतं, आत्ता, या क्षणी. तो त्यांचा हक्क आहे. त्यांनी 'नको' म्हटलं की मला योग्य वाटेल तसं मी करीन." मी म्हटलं, एवढंच ना! आणि उड्या मारत वॉर्डात गेलो. "मालन, बाईंना सांग मला नको तुमचा अभ्यास, की पालखीच्या आत तू घरी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "देवीचा कौल मोडू?"

महोदय, कौल म्हणजे आमच्याकडे देवीच्या पाषाणाला कळ्या लावतात आणि आपला प्रश्न विचारतात. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न ठरवायचं, घर बांधायचं, विहीर खणायची, जिथे माणसाची अक्कल थांबते तिथे कौल लावायचा. आणि कौल मिळाला की तो पाळायचा, आवडो न आवडो.

मी डोक्याला हात लावला. तो कौल नाही, कागद आहे, मुंबईहून टपालाने आलाय, असं मी तिला पंचवीस वेळा सांगितलं. ऐकेल तर ना! शेवटी बाईंना बोलावून आणलं. बाई खाटेवर बसल्या, तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "काकी, यात देवीचा काही संबंध नाही हो. दोन्हीतलं कुठलं चांगलं हे मला माहीत नाही, म्हणून पाकिटं."

तर मालन म्हणते, "तेच तर बाय! तुला म्हायती नाय म्हनून तू देवीला विचारलंस. आमीपन तसंच करतो."

त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. माझ्यावर ओरडल्या नव्हत्या, माझ्या ओरडण्याने हलल्या नव्हत्या, पण या वाक्याने त्यांचा चेहराच उतरला. उठल्या आणि एकेका खाटेशी गेल्या. प्रत्येकीला एकच विचारलं, त्या पाकिटात काय होतं असं तुम्हाला वाटलं? कुणी म्हणाली कौल. कुणी म्हणाली देवीचा हुकूम. बुरोंडीची एक होती अमरीन म्हणून, ती म्हणाली, अल्लाने लिहिलेलं तेच निघालं असणार. सगळ्या जणी मोठ्या समाधानाने सांगत होत्या. "नको म्हटलं असतं तर चाललं असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का?" यावर एक म्हातारी हसली, "आता देवाला नको कसं म्हनायचं, बाय?"

रत्नागिरीत कुणी नकार का देत नव्हतं, हे त्या दुपारी उघड झालं. ज्याचा आम्हाला अभिमान होता तो होकार बाईंना दिलेलाच नव्हता. तो भलतीकडेच दिलेला होता.

दुसऱ्या कुणी काय केलं असतं? गप्प बसलं असतं. सह्या होत्या, अंगठे होते, सगळं कायदेशीर होतं. मुंबईला कोण सांगायला जाणार होतं? पण मी सुरुवातीलाच म्हटलं ना, हट्टी बाई! पाकिटांचा खोका त्यांनी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि मुंबईला फोन केला. मी दारातच उभा होतो. म्हणाल्या, "माझ्याकडच्या बायकांनी अभ्यासाला होकार दिलेला नाही, देवाला दिलाय. तो मला वापरता येणार नाही." पलीकडून बरंच काहीतरी बोलणं आलं. बाई ऐकत होत्या आणि डाव्या हाताने कपाटाची किल्ली फिरवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मग आम्हाला वगळा."

वगळलं. रत्नागिरीचं नाव त्या अभ्यासातून गेलं. परदेशातली परिषद गेली. गावात लोक म्हणाले, बाईंनी आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. मीही म्हणालो. मला खोटं कशाला बोलायचंय, त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की आता मालनला पेज मिळेल.

पण मालनबाई सरळ ऐकतील तर त्या मालनबाई कसल्या! म्हणाली, पाकीट नाय, मग ठरवनार कोन? बाई परत खाटेवर बसल्या. मग म्हणाल्या, "मी ठरवते. काकी, मला अजून पुरतं ठाऊक नाही, हे खरं. पण माझी अम्मी या खाटेवर असती तर मी तिला उपाशी ठेवलं नसतं. चुकलं तर माझं चुकलं."

मालनने बाईंच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. आणि म्हणाली, "हे आधी नाय सांगायचं? उगा पाकिटं फोडीत बसलीस!"

मंडळी, आज मोठमोठ्या शहरांतले लोक रोग्याची संमती म्हणजे काय यावर व्याख्यानं देतात. माझ्या मते ती त्या खाटेवर मिळाली.

ऑपरेशन झालं. संध्याकाळी मालन खुर्चीत बसली आणि बाईंनी स्वतः तिला पेजेची निवळ पाजली. मीठ कमी आहे म्हणाली. मीठ कमी आहे हे ऐकून मी बाहेर जाऊन रडलो. दुसऱ्या दिवशी ती कठडा धरून चालली, तिसऱ्या दिवशी कठडा सोडून, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सल्ले देत. पालखीच्या आदल्या दुपारी आम्ही घरी पोचलो. सुनेने अंगण सारवलं होतं, ते तिला पसंत पडलं नाही. म्हणजे बरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाके बघायचं निमित्त काढून बाई आमच्या घरी हजर. टाके बघायला कुठला सर्जन पालीच्या आत येतो? पण आल्या, पडवीत बसल्या, माझ्या शेजारी. ढोल ऐकू यायला लागले. पालखी अंगणात टेकली. आणि माझी बायको, जिला जुन्या रीतीने तेव्हा नाकात नळी घालून पडून राहावं लागलं असतं, ती हिरवं लुगडं नेसून उंबरा उतरली आणि तिने देवीची ओटी भरली. कुणाचा हात धरला नाही. त्या सकाळी मी पहिल्यांदा पडवी सोडून अंगणात तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. इतकी वर्षं तिथे का उभा राहिलो नाही, याचं उत्तर मला अजून सापडत नाही. काय बिघडत होतं माझं?

मग गाऱ्हाणं. गावकार देवीपुढे प्रत्येक घराचं मागणं मांडतात आणि सगळे होकार भरतात. आमचे केरू गावकार पुढे झाले. मालनचं दुखणं सगळ्या वाडीला ठाऊक होतं. त्यांनी तिला विचारलं, "बोल वयनी, काय मागू?" काय मागणार हे प्रत्येकाला कळत होतं. मीही मनात तेच धरून उभा होतो. देवीवर माझा विश्वास नव्हता तरी त्या घटकेला मी म्हणत होतो, माग, माग, आयुष्य माग, दोन वर्षं माग, एक तरी माग.

मालनने पडवीकडे बोट केलं. म्हणाली, "ह्या बायचं काम माज्यापायी अर्धं ऱ्हायलं. ते तिच्या हातून पुरं होऊंदे."

केरू गावकारही चपापले. मग त्यांनी आवाज लावला, आणि सगळ्या अंगणाने होकार भरला, "व्हय म्हाराजा!"

त्या नवरात्रात मालन गेली. मी तिच्यावर रागावलेला आहे, मंडळी. अजून. देवी अंगणात आली होती, गावकार विचारत होते, आणि हिने स्वतःसाठी काही मागितलं नाही. माझ्यासाठीही नाही. रात्री दिवा मालवताना मी रोज तिला विचारतो, अगं, एक वर्ष मागितलं असतंस तर काय झालं असतं? दर महिन्याला ओपीडीत बाईंसमोर हेच बोलून दाखवतो. बाई ऐकून घेतात. एकदाही त्यांनी मला समजवायचा प्रयत्न केला नाही, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

आता वर्तमानाकडे येतो, अध्यक्ष घड्याळ बघतायत. आज या रुग्णालयात पोटाच्या प्रत्येक रोग्याला संध्याकाळी पेज मिळते. पण ती बाईंच्या शब्दावर मिळते. ती खरंच किती गुणाची, कुणाला मानवते, कुणाला मानवत नाही, हे आपल्या माणसांवर नीट तपासायचं राहूनच गेलं. आणि गेल्या महिन्यात बाईंना बोलावणं आलं. एक मोठं वैद्यकीय महाविद्यालय हाच अभ्यास नव्याने मांडतंय, अनेक जिल्ह्यांत, खेड्यापाड्यांतल्या रोग्यांवर. त्याची सगळी सूत्रं बाईंच्या हाती देणार आहेत. त्यांनी बाईंनाच का निवडलं? तर त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं की रत्नागिरीत एका डॉक्टरने बायकांनी खरा होकार दिला नाही म्हणून स्वतःचं काम थांबवलं. बाईंनी एकच अट घातली, पाकीट फोडण्याआधी रोग्याकडे पुरेसा वेळ बसायचं, आणि 'नको' कसं म्हणायचं हे त्याला आधी शिकवायचं. त्यांनी ती मान्य केली.

हे मला बाईंनी चहा पिता पिता सांगितलं, तेव्हा माझ्या हातातला कप तसाच राहिला. घरी आलो, आणि परवा देवळात सगळे म्हणाले, गुरुजी, तुम्ही अडवा. मी 'हो' म्हटलं. मनापासून म्हटलं. कालपर्यंत अडवणारच होतो. काय काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं, घाटाचं, पावसाळ्याचं, आमच्या म्हाताऱ्या माणसांचं. बाई, तुम्ही गेल्यावर मी महिन्याच्या महिन्याला कुठे जाऊ? मालनचं नाव कुणापुढे काढू? हेही बोलणार होतो, आणि हे ऐकून तुम्ही थांबलाही असता, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे.

पण कसं अडवू? देवी मानतो की नाही, हे माझं मलाच कळत नाही. मालनला मात्र मानतो. तिच्याजवळ मागण्यासारखं एकच मागणं उरलं होतं, ते तिने तुमच्यासाठी मागितलं. आणि त्या दिवशी अंगणात सगळ्यांबरोबर मीही "व्हय म्हाराजा" म्हटलेलं आहे.

बाई, तुम्ही निघा.

अध्यक्षांनी दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोललो, त्यांनी सोसलं, त्यांचे आभार. आयोजकांचे, सिस्टरांचे, चहा देणाऱ्या मंडळींचे आभार. चाचा, लेक इतकी वर्षं आम्हाला दिलीत, तुमचे तर आभार कुठल्या शब्दांत मानू? बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर म्हाताऱ्या मास्तरचं बोलणं म्हणून पोटात घाला. आणि मागच्या रांगेत बसलेल्या माझ्या पंचक्रोशीच्या मंडळींनो, तुम्ही ज्या कामाला मला पाठवलंत ते मी केलेलं नाही. वाटेत टेम्पोत मला हवं तेवढं बोला. मी ऐकून घेईन.

नमस्कार.